जुनं शाईपेन हाती आलं, तर आधी पाण्यात बुडवू नका

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि पेन्शनच्या कागदांखाली एखादं काळं, जाडजूड शाईपेन सापडलं, की पुढचे कार्यक्रम ठरलेले असतात. टोपण पिळायचं, नाही निघालं तर पकड लावायची. मग पेन रात्रभर गरम पाण्यात टाकायचं. सकाळी टूथपेस्टनं घासून चकचकीत करायचं. एवढं करूनही ते लिहीत नसेल, तर निब सोन्याची आहे का ते बघायला सराफाकडे जायचं. या चारही गोष्टी टाळा. तेवढं जमलं तरी संग्राहकाचं अर्धं शिक्षण झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख. तो मुद्दाम दासगाव, महाड, पोलादपूर भागातल्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे, कारण इथली हवा, इथला पाऊस आणि इथल्या घरांतलं जुनं सामान पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं आहे.

सामान वेगळं का, ते आधी सांगतो. दासगाव आज महामार्गावरून जाताना दोन मिनिटांत मागे पडतं. पण गाड्या-मोटारींचे रस्ते झाले नव्हते तेव्हा सावित्रीच्या खाडीतून मोठी गलबतं आणि बोटी इथवर येत. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आले, ते याच बंदरावर उतरले. धरमतर-महाड मार्गावरच्या मोटारवाल्यांनी प्रतिनिधींना न्यायचं नाकारलं होतं. म्हणून मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं हरिहरेश्वरला आणि तिथून दुसऱ्या बोटीनं दासगावला आली. पुढचे पाचेक मैल सगळे महाडपर्यंत चालत गेले. याच खाडीच्या वाटेनं मुंबईचा चाकरमानी येत-जात असे. गोदीतला, गिरणीतला, रेल्वेतला, टपाल खात्यातला. जहाजावर नोकरी करणारे कोकणी मुसलमान एडन, डर्बन पाहून परतत. शिवाय या तालुक्यात फौजेची परंपरा मोठी. फौजी आंबवडे गावाच्या तर नावातच ती आहे. एवढी माणसं जगभर हिंडून आली आणि येताना खिशाला लावून काय घेऊन आली, याची कुणी नोंद ठेवली नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की संग्रहाची सुरुवात संगणकावर बोली लावून करू नका. आपल्या घरापासून करा, मग आळीपासून, मग पाहुण्यांपासून.

बाबासाहेबांना उत्तम पेनांचा भारी शौक होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळेच एक इशारा इथंच देतो. ‘हे पेन खुद्द बाबासाहेबांच्या हातचं’ असं सांगून पेन विकायला येणारा कधी ना कधी भेटेल. नेहरूंचं, सावरकरांचं, अत्र्यांचं म्हणूनही भेटेल. त्याला एवढंच विचारा: चिठ्ठी आहे? फोटो आहे? कुणी कुणाला, कधी दिलं? उत्तरात नुसतीच गोष्ट असेल, तर पैसे पेनाचे द्या, गोष्टीचे देऊ नका. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात जा. खात्रीची वस्तू कशी जपतात, कशी मांडतात, हेही तिथं बघायला मिळेल.

आता पेनाकडे वळू. नवखा माणूस आधी कंपनी विचारतो. मी म्हणेन, पेन कुठलं ते नंतर बघा, ते शाई कसं पितं ते आधी बघा. शाईपेनाच्या दीडशे वर्षांतली सगळी गंमत या एका प्रश्नात आहे. न्यूयॉर्कच्या वॉटरमननं १८८४ मध्ये निबेखालच्या जिभेला बारीक खाचा पाडून पेटंट घेतलं. शाई थेंबथेंब खाली आणि तेवढी हवा वर, हा हिशेब तेव्हापासून बऱ्यापैकी बसला. पुढची कित्येक दशकं कंपन्या डोकं खाजवत राहिल्या ते दुसऱ्याच प्रश्नावर: हात न बरबटता पोटात शाई भरायची कशी? त्यातून जी चित्रविचित्र पेनं निघाली, तीच आज संग्राहकाला हवी असतात. आणि चुकीच्या ठिकाणी जोर लावला की तीच सगळ्यात आधी मोडतात.

सगळ्यात साधं ड्रॉपरचं पेन. निबेचा भाग आट्यांवरून फिरवून काढायचा, ड्रॉपरनं शाई ओतायची, पुन्हा बसवायचा. आत स्प्रिंग नाही, रबर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. भारतात ही पद्धत इतर देशांपेक्षा फार जास्त काळ टिकली. आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या पेनांत हीच जास्त असतील, आणि सुरुवात करायला याहून चांगलं पेन नाही. खोड एकच. शाई अर्ध्याखाली आली की वरची हवा हाताच्या उबेनं फुगते आणि निबेतून शाईचा टपोरा थेंब कागदावर पडतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर हमखास. त्यामुळे असं पेन वापरायचं असेल तर टाकी अर्धी व्हायच्या आत भरत जा.

दुसरं खटक्याचं पेन. धडाच्या कडेला धातूची चपटी पट्टी बसवलेली असते. ती नखानं उचलली की आतली रबरी पिशवी दाबली जाते, सोडली की पिशवी शाई ओढून घेते. अमेरिकेतल्या शेफरनं याचं पेटंट १९०८ मध्ये मिळवलं आणि मग अर्ध्या जगानं तोच मार्ग धरला. इंग्लंडच्या मेबी टॉड कंपनीची स्वॅन आणि ब्लॅकबर्ड, तसंच कॉनवे स्टुअर्ट ही पेनं आपल्याकडे साहेबाच्या कचेरीपासून हेडमास्तरांच्या कोटापर्यंत पोचली होती. अशा पेनाचा खटका कधीही सहज म्हणून उचलू नका. आतलं रबर कित्येक वर्षांपूर्वी वाळून काचेसारखं कडक झालेलं असतं. खटका दाबला तर तो तरी वाकतो, नाहीतर धडाची खाच तडकते. तडकलेली खाच जोडून मिळत नाही.

हे पेन उघडायचं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण शंभरातली नव्वद नुकसानं इथंच होतात. निबेचा भाग बहुधा आट्यांवर नसतो, तो नुसता घट्ट दाबून बसवलेला असतो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा जोडाच्या जागी थोडा वेळ फिरवा, लांबून. पेन बोटाला सुखद गरम लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. मग दोन्ही हातांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे धरून अगदी किंचित डावी-उजवीकडे हलवा. नाही हललं तर ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी परत. एकदा का बारीक ‘टक्’ झालं आणि भाग बाहेर आला, की धड हळूच कागदावर पालथं करा. जुन्या पिशवीचे काळे, कुरकुरीत तुकडे पडतील. उरलेले बारीक तारेनं खरवडून काढा. आत लोखंडी पट्टी असते, ती गंजलेली आहे का ते टॉर्चनं बघा. नवी रबरी पिशवी ऑनलाइन मिळते. ती निबेच्या भागाला चिकटवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा वापरा. सुताराकडे पॉलिशसाठी असतो तोच. फेव्हिक्विक लावाल तर पुढच्या दुरुस्तीचे दरवाजे कायमचे बंद होतील. पिशवीला वरून शंखजिऱ्याची पूड लावा. वासाची टाल्कम पावडर नको, त्यातल्या तेलानं रबर लवकर सडतं.

खटका आणि ड्रॉपर सोडून तिसरंच काही हाती आलं तर मात्र थांबा आणि नीट बघा, कारण नवलाईची पेनं इथून पुढं सुरू होतात. धडाच्या बाहेर धातूची चंद्रकोर आलेली दिसली तर ते अमेरिकेतलं कॉन्क्लिन. कोर दाबायची की आतली पिशवी दबते, आणि चुकून दाबली जाऊ नये म्हणून खाली एक कडं फिरतं. या कोरीमुळे पेन टेबलावरून गडगडत नाही म्हणून लेखक मार्क ट्वेन त्यावर खूश होता, आणि कंपनीनं त्याचं नाव जाहिरातीत मनसोक्त वापरलं. शेंड्याची गुंडी फिरवून लांब दांडा बाहेर आला तर तो ओनोटो असू शकतो. इंग्लंडच्या दे ला रू कंपनीनं तो १९०५ मध्ये आणला. दांडा ओढून खाली ढकलला की धडात पोकळी तयार होते आणि शेवटच्या क्षणी शाई एकदम आत घुसते. याच दांड्याच्या टोकानं शाईची वाट बंदही होते. म्हणून ओनोटोनं खूप लिहायचं असेल तर शेंड्याची गुंडी थोडी सैल करावी लागते. ही खुबी ठाऊक नसल्यामुळे धडधाकट ओनोटो ‘बंद पडलेलं’ म्हणून मातीमोल भावात विकलं जातं. घेणाऱ्यानं अर्थात गप्प राहावं.

सेफ्टी पेनाची गोष्ट याहून चमत्कारिक. टोपण काढलं तर निबच दिसत नाही, नुसतं तोंड उघडं. माणसाला वाटतं निब हरवली. खालची गुंडी फिरवली की निब आतून वर येते. मिटताना आधी निब आत घ्यायची, मगच टोपण लावायचं. निब बाहेर असताना टोपण लावलं की तिचं टोक गेलंच. खिशात पेन आडवं-उभं कसंही राहिलं तरी शाई गळू नये, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा खटाटोप केला होता. असं पेन हाती आलं तर तोंड वर करून धरा आणि मगच गुंडी फिरवा. आत जुनी शाई असेल तर ती अंगावर येते.

आणि निबच नसलेलं पेनही असतं. टोकाला सुईएवढी बारीक नळी, नळीतून आरपार तार. त्याला स्टायलो म्हणत. बनारसच्या राधिकानाथ साहांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लक्ष्मी स्टायलो’ नावाचं असं देशी पेन काढलं होतं. ते कुणाच्या घरी निघालं तर मला खरोखरच हेवा वाटेल.

नंतरच्या काळातली पार्कर व्हॅक्युमॅटिक (१९३३) पट्ट्यापट्ट्यांची असते, आणि उजेडाकडे धरली की पट्ट्यांमधून शाई दिसते. पार्कर ५१ (१९४१) मध्ये निब जवळजवळ सगळीच झाकलेली, नुसतं टोक बाहेर. तिची नक्कल करणारी चिनी हीरो पेनं आपल्याकडच्या पिढ्यानपिढ्यांनी वापरली आहेत. शेफरच्या स्नॉर्केलमध्ये (१९५२) शेंडा फिरवला की निबेखालून डासाच्या सोंडेसारखी नळी बाहेर येते आणि तीच तेवढी दौतीत बुडते, निब कोरडी राहते. पार्कर ६१ (१९५६) मध्ये तर निबेची बाजू दौतीत बुडवायचीच नाही. पेन उघडून मागची टाकी शाईत उभी करायची, ती आपोआप शाई शोषून घेते. कल्पना सुंदर, पण आतली शाई एकदा वाळली की धुता धुता जीव जातो. म्हणून नवख्यानं ६१ च्या वाटेला जाऊ नये. सांगून ठेवलं.

फौजेतल्या घरांसाठी एक खास गोष्ट. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांसाठी पार्करनं एक पेन काढलं होतं. त्याच्या शेंड्यात शाईच्या काळ्या गोळ्या ठेवायची सोय होती. गोळी टाकीत टाकायची, पाणी ओतायचं, शाई तयार. शेंडा पोकळ असलेलं काळं पेन दिसलं तर तो फिरवून बघा. मिळण्याची शक्यता फार नाही, पण जिथून एवढी माणसं त्या युद्धाला गेली तिथं शोधायचं नाही तर कुठं? शाईच्या गोळ्या आपल्याकडेही होत्याच. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये जो धंदा सुरू केला तो घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकण्याचा. पुढं त्याचीच कॅम्लिन झाली आणि उंटाच्या छापाची दौत घरोघर गेली. ती काचेची जुनी दौत, तिचं खोकं, वड्यांची डबी हे सगळं पेनाइतकंच जपण्यासारखं आहे, आणि आज ते फेकलं जातंय.

आता पाण्याची गोष्ट, जिच्यावरून लेखाला नाव दिलं. जुनी पेनं तीन-चार वेगवेगळ्या पदार्थांची असत आणि प्रत्येकाचं वैर वेगळ्या गोष्टीशी असतं. काळी पेनं बहुतेक एबोनाइटची, म्हणजे रबर आणि गंधक मिसळून कडक केलेल्या मालाची. अंगठा जोरात घासून लगेच वास घ्या, गंधकाचा उग्र दर्प येईल. एबोनाइट उन्हानं आणि ओलाव्यानं तपकिरी-हिरवट पडतं. पाण्यात ठेवलं की आणखी पडतं. त्यामुळे तुमच्या आजोबांचं काळं पेन आज शेवाळी दिसत असेल तर तो मळ नाही, घासून तो जायचा नाही. घासल्यानं वरची नक्षी आणि कंपनीचा ठसा मात्र नक्की जाईल. संग्राहक त्या ठशालाच पैसे देतो.

रंगीबेरंगी, संगमरवरी दिसणारं पेन सेल्युलॉइडचं असू शकतं. त्याला घासलं तर कापराचा वास येतो, कारण त्यात कापूरच असतो. ते पेट घेतं. त्याच्याजवळ काडी, समई, उदबत्ती काही नको. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांनी ते विरघळतं. आणि तिसरं म्हणजे केसीन, दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. कॉनवे स्टुअर्टच्या कित्येक देखण्या पेनांचा हाच माल, चिमुकल्या ‘डिंकी’चाही. हे पाण्यात टाकलं की फुगतं, मऊ पडतं, वाकडं होतं आणि मग सरळ होत नाही. रंगीत पेन नक्की कशाचं आहे ते ओळखता येत नसेल, तर ते केसीनचंच आहे असं धरून चाला. धड कोरडं ठेवा. फक्त निब आणि जीभ वाटीत बुडेल एवढंच पाणी घ्या. पाणी साधं, गार, आणि वारंवार बदललेलं. निळी शाई सुटत राहते, पुष्कळ सुटते. घाई करायची नाही.

निब बघताना भिंग घ्या. टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो दोन्ही पाकळ्यांवर सारखा आहे का ते पाहा. एका बाजूचा गेला असेल तर पेन शोभेचं झालं. ‘१४ कॅरेट’ किंवा ‘५८५’ असा ठसा असेल तर निब सोन्याची. ‘इरिडियम पॉइंट’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा सोन्याशी काही संबंध नाही, ते टोकाच्या मण्याबद्दल आहे. निबेवर पेनाच्या कंपनीचंच नाव हवं. स्वॅनच्या धडाला भलत्याच कंपनीची निब असेल तर ती नंतर बसवलेली. आपल्याकडे हे फार दिसतं, कारण सोन्याचा भाव चढला की निबा आटवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी साध्या स्टीलच्या आल्या. एका निबेत सोनं असतं ते किती! सराफ देईल त्याच्या कितीतरी पट दाम संग्राहक अख्ख्या पेनाचे देतो. धडावरचा पुसट ठसा वाचायला मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि पेन हळूहळू फिरवा. सरळ उजेडात कोरं वाटणारं धड असं बघितल्यावर बोलायला लागतं. कंपनी, गाव, पेटंटची तारीख, कधी मूळ मालकाचं कोरलेलं नावही. नाव कोरलेलं पेन बाजारात थोडं स्वस्त मिळतं, हे मला कधी पटलेलं नाही. आपल्या भागातलं आडनाव असेल तर मी तेच आधी उचलेन.

परदेशी नावांच्या नादात देशी पेनांकडे दुर्लक्ष होतं, ते करू नका. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम १९३२ पासून हातानं एबोनाइटची पेनं घडवू लागले. त्यांनी पाठवलेलं पेन १९३५ मध्ये जे. सी. कुमारप्पांकरवी वर्ध्याला गांधीजींच्या हाती पोचलं. ते वापरून पाहून, परदेशी पेनाला हा चांगला पर्याय आहे, असं गांधीजींनी त्यांना कळवलं. मुंबईत विल्सन होतं, एअरमेल-वॅलिटी होतं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तेव्हा या कारखान्यांनीच देशाला लिहितं ठेवलं. त्यांच्या पेनांत नवलाई नाही असं समजू नका. चरकावर कोरलेल्या नागमोडी रेघा, दोन रंगांचं एबोनाइट लाकडाच्या शिरांसारखं मिसळलेलं, हाताच्या अंगठ्याएवढी जाड टाकी, शाई किती उरली ते दिसावं म्हणून पारदर्शक धड. परदेशी पेनांवर जाडजूड पुस्तकं आहेत. आपल्या पेनांची धड यादीही नाही. नव्या संग्राहकाला स्वतःचं काही करून दाखवायची जागा इथं आहे, आणि खर्चही झेपणारा आहे.

विकत घ्यायचंच असेल तर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही ओळखीची ठिकाणं. महाडच्या भंगारवाल्यांनाही सांगून ठेवा, पेनं आली तर बाजूला काढ म्हणून. पुष्कळदा डबाभर मोडकी पेनं किलोच्या भावात मिळतात. ती जरूर घ्या, सुटे भाग आणि शिकायला माल म्हणून. बाजारात दोन गोष्टी सांभाळा. एक, दोन-तीन पेनांचे तुकडे जुळवून उभं केलेलं पेन. टोपणाचा काळा आणि धडाचा काळा सारखा आहे का, क्लिपवरचं नाव आणि धडावरचं नाव एकच आहे का, हे बघा. दुसरी, नवंकोरं चकाकणारं ‘जुनं’ पेन. पॉलिशच्या चाकावर धरून ते नवं केलेलं असतं आणि ठसा गेलेला असतो. भाव ठरवताना एकच नेम ठेवा: आत काय आहे ते दुकानदार उघडून दाखवत नसेल, तर आतलं सगळं गेलंय असं धरून दाम सांगा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू नातेवाइकाला परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं अशा वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातलेली आहे.

राहिला पाऊस. आपल्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते, तिथं पेनांचं काय सांगावं. मृगाच्या आधी सगळी पेनं शाई काढून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. शाई आत राहिली की पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे तंतू धरतात आणि जिभेच्या खाचा बुजतात. लाकडी किंवा पत्र्याच्या डब्यात सुती कापडाच्या कप्प्यांत एकेक पेन ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा तव्यावर मंद गरम करून परत वापरा. सेल्युलॉइडची पेनं मात्र हवाबंद डब्यात नकोत. त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ कोंडली की ती स्वतःलाच खातात, शेजारच्या पेनांची क्लिपही काळी पाडतात. त्यांना वेगळा, हवा खेळणारा खोका द्या. डांबराच्या गोळ्या कुठल्याच पेनाजवळ नकोत. प्लॅस्टिकच्या पिशवीला रबर बांधून पेनं ठेवणं ही तर शिक्षाच आहे. जुनं रबर वितळून धडाला चिकटतं.

आणि पूर. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवतेवर दरडी कोसळल्या, जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं. ज्या घरांतून माणसं गेली तिथं पेनाचं काय, असं कुणी म्हणेल आणि ते खरंच आहे. पण घर उपसताना चिखलातून जे हाती लागतं, त्याचं काय करायचं हे ठाऊक असलेलं बरं. पुरातून निघालेलं पेन उन्हात टाकू नका आणि फडक्यानं पुसूही नका. सावित्रीचा गाळ बारीक वाळूचा असतो, पुसलं की ओरखडे उठतात. वाहत्या गार पाण्याखाली धरून गाळ आपोआप जाऊ द्या. केसीनला पाणी वाईट, पण पुरात ते भिजलेलंच असतं, तिथं गाळ काढण्याला आधी प्राधान्य. मग टोपण सैल करून सावलीत, वाऱ्यावर आडवं ठेवा. सुकलं म्हणजे आतलंही सुकलं असं नाही. खटका आणि क्लिप लोखंडी असतील तर ती आतून गंजतात, म्हणून पंधरवड्यात कुणी जाणत्याकडून उघडून घ्या. आपला डबा पोटमाळ्यावर, घराच्या सर्वांत उंच जागी असला तर यातलं निम्मं टळेल.

जुन्या पेनात शाई कुठली घालायची, हे लोक हमखास विचारतात. नेहमीच्या निळ्या-काळ्या, पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या शाईपेनाच्या शाया चालतात. चित्रकलेची काळी ‘इंडियन इंक’ कदापि नाही, तिच्यातला चपडा वाळून जीभ कायमची बुजवतो. चमकी घातलेल्या हौशी शाया नव्या पेनांत वापरा.

शेवटी नोंद. हे सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात कमी केलं जाणारं. प्रत्येक पेनासाठी एक जाड कार्ड करा. त्यावर पेनाचा ठसा जसाच्या तसा उतरवा, लांबी लिहा, शाई कशी भरते ते लिहा, कुठली दुरुस्ती कधी केली ते लिहा. आणि मग ते कुणाचं होतं, तो माणूस कुठं नोकरीला होता, त्यानं त्या पेनानं काय लिहिलं, हे लिहा. मनिऑर्डरी, कुळाच्या पावत्या, सोसायटीची वही, बोटीवरून घरी पाठवलेली पत्रं. ठसा दहा वर्षांनीही वाचता येईल, माणसं तोवर असतीलच असं नाही. गणपतीत सगळं घर एकत्र आलेलं असतं. तेव्हा पेन वडीलधाऱ्यांसमोर ठेवा, विचारा, आणि जे कळेल ते त्याच दिवशी कार्डावर उतरवून घ्या.